थॉमस इन्स: आधी कागदावर, मग पडद्यावर

मूकपटांच्या काळातील अमेरिकी दिग्दर्शक-निर्माता थॉमस इन्स याचे नाव आज निघते ते बहुधा त्याच्या मृत्यूमुळे. नोव्हेंबर १९२४ मध्ये वृत्तपत्रांचे धनाढ्य मालक हर्स्ट यांच्या नौकेवर तो आजारी पडला आणि १९ तारखेला घरी वारला. हृदयविकार हेच अधिकृत कारण असूनही गोळीबाराची अफवा मात्र अजून चघळली जाते. तिच्यापायी त्याचे खरे काम झाकोळले, याची मला चीड येते.

नटांच्या कुटुंबातला हा माणूस १९१० मध्ये चित्रपटात आला आणि पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात पोहोचला. तिथे हिवाळी मुक्कामाला असलेला '१०१ रँच' हा वाइल्ड वेस्टचा खेळ त्याने घोडे, गाड्या, काऊबॉय आणि मूळ रहिवासी कलावंतांसकट भाड्याने घेतला आणि सांता मोनिकाजवळच्या दरीत 'इन्सव्हिल' वसवले.

त्याचे मोठेपण मात्र कागदावरच्या कामात आहे. चित्रीकरणाआधीच प्रत्येक दृश्याला क्रमांक मिळे. ते घरातले की बाहेरचे, पात्रे कोणती, सामान कोणते, हे सारे लिहून ठेवलेले असे आणि एकाच जागेची दृश्ये, कथेत ती कितीही दूर असोत, एकदमच उरकली जात. आमच्या सोलापुरात पूर्व भागातल्या मागांवर चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरते, मग त्याबरहुकूम पुठ्ठ्यांना भोके पाडून ते मागावरच्या जेकार्ड या नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर चढवतात. धोटा फिरू लागल्यावर विणकराने नक्षीत बदल करायचा नसतो. इन्सचे दिग्दर्शकही जवळपास याच शिस्तीत काम करीत, म्हणूनच एका वेळी अनेक चित्रपट हातात घेणे त्याला परवडले.

या शिस्तीची दुसरी बाजूही आहे, आणि त्याचे चाहते ती सहसा टाळतात. रेजिनाल्ड बार्करसारख्यांनी दिग्दर्शित केलेल्या चित्रपटांवरही ठळक नाव इन्सचेच झळके. त्याच्या वेस्टर्नपटांचा सर्वांत मोठा नायक विल्यम एस. हार्ट याला तर पडद्यावरच्या लोकप्रियतेच्या मानाने सुरुवातीला फारच तुटपुंजा पगार मिळत होता. त्यावरून दोघांत जे बिनसले, ते पुढे मिटले नाही. १९१५ मध्ये दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ आणि विनोदी चित्रपटांचे निर्माते मॅक सेनेट यांच्यासह 'ट्रँगल' ही चित्रपट कंपनी निघाली, पण तिघांची ही मोट फार काळ टिकली नाही. टिकल्या त्या कल्व्हर सिटीतल्या वास्तू: त्याचा पहिला स्टुडिओ पुढे एमजीएम या बड्या चित्रपट कंपनीचा झाला, तर दुसऱ्याच्या आवारात १९३९ चा 'गॉन विथ द विंड' चित्रित झाला.