पाण्याला शिव्या कळतात का?

आज ऑफिसात पाण्याच्या जारवर कुणीतरी 'धन्यवाद' अशी चिठ्ठी चिकटवली. का, तर म्हणे पाणी ऐकतं, जपानमध्ये सिद्ध झालंय! जेवणाच्या सुट्टीत मग दुसरा विषयच नाही.

हे खूळ जपानी लेखक मसारू इमोटो यांचं. पाण्याला शब्द ऐकवायचे, ते गोठवायचं, स्फटिकांचे फोटो काढायचे. प्रेमळ शब्दांनी सुबक षट्कोनी नक्षी, शिव्यांनी वेडेवाकडे आकार. फोटो देखणे आहेत, मान्य. पण एकाच पाण्यातून नाना तऱ्हेचे स्फटिक बनतात. 'हे प्रेमाचं पाणी' असं आधीच माहीत असलेला माणूस त्यातला एक निवडणार, मग काय राहिलं?

गंमत म्हणजे खरं उत्तरही जपानमधूनच आलंय. भौतिकशास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत कृत्रिम हिमस्फटिक बनवला आणि पुढे दाखवून दिलं की आकार ठरतो तापमानावर आणि हवेतल्या बाष्पावर. उणे १५ अंशांच्या आसपास चांदणीसारख्या फांद्या, उणे ५ च्या आसपास सुया. आणि पाणी शब्द लक्षात ठेवतं म्हणे, ती पाण्याची 'स्मृती'? पाण्याच्या रेणूंना एकमेकांशी धरून ठेवणारे हायड्रोजन बंध सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या हिशेबात तुटतात, जुळतात. शब्द साठवायला जागा कुठे?

मित्र म्हणाला, २००६ मध्ये इमोटोंच्या सहभागाने चाचणी झाली, परीक्षकांना कुठलं पाणी ते माहीत नव्हतं, तरी निकाल त्यांच्या बाजूने लागला. खरंय. पण त्यात मोजलं काय, तर स्फटिक किती सुंदर दिसतो ते!