शिनगार्डची एकच जोडी

मॅचच्या आधी मुलांचे पाय तपासणं हे रेफरीचं सगळ्यात कंटाळवाणं काम. बुटाचे स्टड बघायचे, हातातले दोरे-कडी काढायला लावायची आणि स्टॉकिंग खाली करून शिनगार्ड, म्हणजे नडगीला मार लागू नये म्हणून घालायच्या पट्ट्या, आहेत का ते पाहायचं. गेल्या मे महिन्यात चौदा वर्षांखालच्या मुलांच्या एका सुट्टीतल्या स्पर्धेत मी हेच करत होतो. एका संघाचा गोलकीपर, बारा वर्षांचा असेल, स्टॉकिंग खाली करेना. शेवटी मीच वाकलो. आत वहीच्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे, वर सेलोटेप.

"हे काय रे?"

"शिनगार्ड दादाकडं आहेत, सर."

"मग दादाला बोलव."

"तो तिकडं आहे." पोरानं मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बोट केलं. समोरच्या संघाच्या लाल जर्सीत नऊ नंबरचा एक उंच मुलगा शांतपणे बूट बांधत होता.

दोघं सख्खे भाऊ. एरवी त्यांच्या मॅच वेगवेगळ्या वेळी असतात, त्यामुळे घरात शिनगार्डची एकच जोडी पुरते. एकमेकांसमोर उभं राहायची वेळ येईल हे ती जोडी घेताना कुणाच्या ध्यानात आलं नसणार. पुठ्ठा चालणार नव्हता. राखीव मुलाची जोडी त्याला घालायला लावली आणि मॅच पाच मिनिटं उशिरा सुरू झाली.

एका घरातली दोन पोरं दोन संघांत कशी, हे कोल्हापूरच्या माणसाला सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडं फुटबॉल तालमींचा. शाहू महाराजांच्या काळापासून ज्या तालमींत कुस्ती घुमली, त्याच तालमींच्या नावानं आज फुटबॉलचे संघ खेळतात. पोरगं कुठल्या संघाचं हे बहुतेक जन्मालाच ठरतं: ज्या पेठेत घर, ती तालीम. या दोघांचं गणित जरा चुकलं होतं. थोरला पाचवीपर्यंत आजोळी वाढला, म्हणून मामाच्या तालमीचा झाला. धाकटा बापाच्या. म्हणजे एका बाजूला आईचं माहेर, दुसऱ्या बाजूला सासर.

बाप एका टचलाइनला, मामा दुसऱ्या. आई कुठंच नाही. ती पाण्याच्या टाकीजवळच्या पायरीवर डबा घेऊन बसली होती. हाफ टाइमला पाणी प्यायला गेलो तेव्हा सहज विचारलं, "वहिनी, तुम्ही कुणाकडून?"

"माझं काय ओ. दोन्ही जर्सी मीच धुते," त्या म्हणाल्या. "त्या लालचा रंग सुटतोय, बारक्याची पांढरी चड्डी बघा."

बघितली. गुलाबी झाली होती.

मला झाका या फुटबॉलपटू भावांची आई आठवली. 2016 च्या युरो स्पर्धेत स्वित्झर्लंडकडून ग्रानिट आणि अल्बानियाकडून त्याचा थोरला भाऊ ताउलांट समोरासमोर आले, तेव्हा ती अर्धा एका देशाचा, अर्धा दुसऱ्या देशाचा टी-शर्ट घालून गॅलरीत बसली होती. टीव्हीवाल्यांनी तो शर्ट पुन्हा पुन्हा दाखवला. इथं तेच काम चड्डीनं केलं होतं आणि बघायला एकटा मी.

खेळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मे महिन्यातलं मैदान म्हणजे फरशी. चेंडू टप्पा खाऊन डोक्यावरून जात होता. पंचवीस-पंचवीस मिनिटांचे दोन हाफ, आणि शेवटची सात मिनिटं राहिली तरी शून्य-शून्य. तेवढ्यात धाकट्याच्या संघातल्या एका मुलानं गोलकडं निघालेला चेंडू चक्क हातानं झटकला. पेनल्टी.

लाल संघाची पेनल्टी नेहमी नऊ नंबरच मारायचा. तो चेंडू घेऊन स्पॉटकडं निघाला आणि त्यांच्या कोचनं आवाज दिला, "तू नको! दुसऱ्याला दे!" मागून कुणीतरी म्हणालं, "भाऊ आहे, सोडून देईल." कोचलाही तेच वाटत असणार. पोरगं वळलंच नाही. चेंडू ठेवून माझ्याकडं बघून म्हणालं, "सर, मीच मारणार."

पेनल्टीच्या वेळी खरं तर गोललाइनवर सहायक रेफरी उभा असतो, कीपरचे पाय बघायला. आमचा लाइन्समन म्हणजे तालमीचा एक कार्यकर्ता, आणि तो त्या क्षणी मोबाईलवर शूटिंग करत होता. तेव्हा मारणारा, कीपर, रेषेवरचे पाय आणि आत घुसणारी पोरं, सगळं माझ्याच दोन डोळ्यांवर. हाफ टाइमला रेषांवर नवी फक्की मारली होती, एवढंच बरं.

शिट्टी दिली. थोरल्यानं चार पावलं घेतली आणि कीपरच्या उजवीकडं, खाली, जोरात मारला. धाकटा आधीच तिकडं निघाला होता. चेंडू दोन्ही हातांत गच्च. एवढ्याशा पोरानं असा चेंडू धरलेला मी फार कमी वेळा पाहिलाय. मैदानावर एकच गलका झाला, आणि त्या गलक्यात मागून स्पष्ट आवाज आला: "भावाला दिला! फिक्स आहे!"

पण मी धाकट्याचे पाय बघितले होते. किक बसण्याआधीच दोन्ही पाय रेषेच्या पुढं पडले होते, चांगले हातभर. नियम असा: किक बसते त्या क्षणी कीपरचा निदान एका पायाचा काही भाग रेषेवर, रेषेच्या सरळीत किंवा रेषेच्या मागं हवा. नसेल आणि त्यानं चेंडू अडवला, तर किक पुन्हा.

शिट्टी वाजवायला मला किती वेळ लागला असेल? सेकंदसुद्धा नाही. तरी तेवढ्यात दोन्ही गोष्टी मनात येऊन गेल्या. नाही वाजवली तर थोरल्याच्या कपाळावर "भावाला दिला" हे कायमचं चिकटणार. पेठेत असल्या गोष्टी वीस वर्षं विसरत नाहीत. वाजवली तर त्या बारक्याचा आजवरचा सगळ्यात भारी सेव्ह मी पुसून टाकणार. खरं सांगायचं तर यातलं काहीही माझ्या कामाचं नव्हतं. पाय पुढं होते. वाजवली.

बारक्या धावत आला. "न्हाई सर! लाईन सोडली न्हाई मी! आई शप्पथ!"

मी उत्तर द्यायच्या आत थोरला म्हणाला, "सोडलीस. गच्चीवर पण रोज सोडतोस. आता सरांनीच सांगितलं, बघ."

"गच्चीवर कुठं लाईन आहे?"

"टाकीपासनं दोरीपर्यंत लाईन आहे!"

पेनल्टी, मॅच, तालीम, मामा, बाप, सगळं बाजूला राहिलं. किती वर्षांचं हे भांडण होतं कोण जाणे, पण त्यावर पहिल्यांदाच अधिकृत निकाल लागला होता आणि थोरल्याला एवढा आनंद झाला होता की आपली पेनल्टी अडवली गेली हेच तो विसरला होता. मी कीपरला ताकीद दिली. पहिल्या वेळी ताकीदच. पुन्हा केलं तर पिवळं कार्ड, हेही सांगितलं.

दुसऱ्या किकला कोचनं थोरल्याला हलवलंच. पुन्हा मारताना मारणारा बदलता येतो, त्यामुळे मला काही बोलता येईना. दुसऱ्या मुलानं मारला, बारक्या एका बाजूला, चेंडू दुसऱ्या. लाल संघ एक-शून्यनं जिंकला. थोरला उड्या मारणाऱ्यांत नव्हता.

सगळं आवरून मी बॅग भरत होतो. दोघं माझ्याकडं आले. धाकटा फुरंगटून म्हणाला, "दादाचा असता तर अडवला असता."

"परत तिकडंच मारला असता होय मी? खुळा आहेस का?"

"मग कुठं?"

"ते तुला कशाला सांगू?"

मग दोघांनी एकदम माझ्याकडं बघितलं. थोरला म्हणाला, "सर, पाच मिनिटं थांबता? फक्त लाईन बघायला."

पायरीवर त्यांच्या आईनं उघडलेला डबा पुन्हा झाकला. मी शिट्टी काढली आणि जाऊन गोलपोस्टच्या बाजूला, रेषेच्या सरळीत उभा राहिलो. थोरल्यानं चेंडू ठेवला. चार पावलं मागं गेला. शिट्टी.

बारक्यानं पुन्हा लाईन सोडली.

मी खिशातून पिवळं कार्ड काढून वर धरलं.

"काय ओ सर," तो म्हणाला, "मॅच संपली की!"