धंदेवाल्यांकडून शाळेने नेमकं काय मागावं: माझा अनुभव

मी शाळेत गणित शिकवते. करिअरचं काम माझ्याकडे आलं कारण स्टाफ मीटिंगमध्ये सगळे खाली मान घालून बसले आणि मी नेमकी सरांकडे बघत होते. काम काय, तर आजूबाजूच्या छोट्यामोठ्या व्यवसायांना गाठायचं आणि नववी ते बारावीच्या मुलांना नोकरी, कॉलेज, कोर्स यांची काहीतरी खरी ओळख करून द्यायची.

धंदेवाले नाही म्हणत नाहीत हो, तो प्रॉब्लेमच नाही. "मॅडम, बक्षिसं आमच्याकडून, बॅनर लावा, मी येऊन दोन शब्द बोलतो." ते दोन शब्द तासभर चालतात, मोठी स्वप्नं बघा वगैरे, आणि मुलं जोरात टाळ्या वाजवतात कारण पुढचा तास बुडालेला असतो. मग मी जरा वाचलं. इंग्लंडमध्ये २०१४ साली गॅट्सबी फाउंडेशनने शाळांसाठी आठ निकष मांडले, त्यात अकरा-बारा वर्षांपासून दरवर्षी निदान एकदा नोकरी देणाऱ्या किंवा करणाऱ्या माणसांशी भेट आणि सोळाव्या वर्षापर्यंत एकदा तरी कामाच्या जागेचा प्रत्यक्ष अनुभव, असं आहे. जर्मनीत तर ट्रेनिंगमधली मुलं आठवड्याचे तीन-चार दिवस कंपनीत आणि बाकीचे शाळेत असतात. तेवढं आपल्याला जमणार नव्हतं, पण भाषण म्हणजे ओळख नव्हे हे पक्कं झालं.

मग एका कागदावर मागणी लिहून फिरले: अर्धा दिवस द्या, मुलं तीन-चारच असतील, आणि त्यांच्यासोबत तुमच्याकडे नुकताच लागलेला माणूस द्या, मालक नको. यावर एकदोघांचे चेहरे पडले. पण मालकाला स्वतःचं विसावं वर्ष आठवत नाही, आठवलं तरी गोष्ट होऊन आठवतं. नवीन माणसाला इंटरव्ह्यूत काय विचारलं, कॉलेजातलं काय उपयोगी पडलं, पहिल्या पगारातून काय काय कापलं गेलं, सगळं ताजं असतं.

कागदपत्रांत वेळ गेला. पालकांचं संमतीपत्र, लागलं-बिगलं तर जबाबदारी कोणाची, विमा, आणि कुठलंही मूल एकाच मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत नाही. मशीनशॉपवाल्याने स्वतःच सांगितलं, बंद बूट, केस बांधलेले, ओढणी नाही, चालू मशीनला हात नाही. पॅथॉलॉजी लॅबमध्ये मोबाइल बाहेर, पेशंटचं नाव असलेला रिपोर्ट दाखवायचा नाही. एका दुकानदाराला गर्दीच्या दिवसांत मुलं हवी होती, "शिकतीलच की". फुकटचे हेल्पर हवे होते त्याला, नाही म्हटलं.

मशीनशॉपमध्ये जे झालं ते मी अजून वर्गात सांगते. लेथवरच्या (धातूचा दांडा गोल फिरवून कापायचं मशीन) पोराने एका दांड्याचं ड्रॉइंग पुढे केलं, एका बाजूला व्यास ४०, दुसऱ्या बाजूला ३०, लांबी १०० मिलिमीटर, टूल किती अंशांत तिरकं सरकवायचं? म्हणजे व्यासांतला फरक भागिले दुप्पट लांबी, ०.०५, हा झाला टॅन, कोन साधारण २.८६ अंश. "त्रिकोणमिती कुठे लागते" असं दर आठवड्याला विचारणारा माझा एक विद्यार्थी तिथे कॅल्क्युलेटर काढून गणित करत होता, आणि मी सांगितलेलं नसताना! मी आपली मागे गप्प उभी.

मॉक इंटरव्ह्यू मात्र शाळेतच ठेवले. बायोडेटा सगळ्यांचे सारखे, मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करायला आवडतं, आणि ईमेल आयडी असे की बाहेर सांगायची सोय नाही. एका एचआरवाल्या ताईंनी प्रत्येकाच्या कागदावर एकच लिहिलं, "गुण नको, केलेलं काम सांग." स्पोर्ट्स डेचा हिशोब ठेवणाऱ्या मुलीला ते काम सांगण्यासारखं आहे हेच माहीत नव्हतं.

लॅबमध्ये गेलेल्या एका मुलीने परत येऊन सांगितलं, मला हे आयुष्यभर नाही जमणार. तिचे वडील माझ्यावर चिडले, लॅब टेक्निशियनच्या कोर्सची चौकशी करून झाली होती त्यांची. माझ्या मते तो अर्धा दिवस सगळ्यात जास्त कामी आला, कारण हेच कोर्सच्या दुसऱ्या वर्षी कळलं असतं तर फी आणि वर्ष दोन्ही गेलं असतं. वडिलांना पटलं असं नाही म्हणणार मी.

आता मशीनशॉपवाले मालक उलट मागे लागलेत की मुलांना ड्रॉइंग वाचता येत नाही, ते आधी शाळेत शिकवा, मग पाठवा. शुक्रवारचा शेवटचा तास मागून घेतलाय त्यासाठी, आणि ड्रॉइंग तेच पाठवतायत.