ट्रॅक्टरचे स्टिअरिंग आणि वाया गेलेले अकरा दिवस

ऐन ऊस वाहतुकीच्या हंगामात आमच्या ट्रॅक्टरचे स्टिअरिंग एका टोकापर्यंत वळवून धरले, तरी ते हातात हळूहळू पुढे सरकतच राही. तेल बाहेर कोठेही गळत नव्हते. ट्रॅक्टर कार्यशाळेत नेला. नोंद तासाभरात झाली आणि काम तेथेच थांबले.

‘स्टिअरिंग युनिट गेले आहे, नवे मागवावे लागेल,’ असे एकही होज (तेलाची नळी) न सोडता मला सांगण्यात आले आणि पुढचे अकरा दिवस ‘उद्या येईल’ हेच उत्तर मिळत राहिले. मला संताप आला तो उशिराचा नव्हे, तर न तपासता केलेल्या निदानाचा. आमच्या ट्रॅक्टरचे स्टिअरिंग हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे आहे; या रचनेत स्टिअरिंग आणि चाके यांना जोडणारा दांडाच नसतो. स्टिअरिंग फिरवले की युनिटमधील झडप उघडते, पंपाकडून आलेले तेल दातेरी रोटरमधून मोजून चाके वळवणाऱ्या सिलिंडरच्या एका बाजूस जाते आणि दुसऱ्या बाजूचे तेल टाकीत परतते. सिलिंडरमधील पिस्टनचे सील (तेल अडवणारी कडी) झिजले की तेल सिलिंडरच्या आतल्या आत पलीकडे निसटते आणि बाहेर थेंबही दिसत नाही. युनिट झिजल्यावरही लक्षण हेच दिसते. म्हणून दोन्ही वेगवेगळे तपासल्याशिवाय महाग भाग मागवणे मला अक्षम्य वाटते.

बाराव्या दिवशी ट्रॅक्टर परत आणला. गावातल्या फिटरने चाके एका टोकाला नेली, इंजिन बंद केले, सिलिंडरच्या परतीच्या बाजूचा होज सोडून त्याला बूच मारले आणि इंजिन मंद गतीवर सुरू करून स्टिअरिंग त्याच दिशेने दाबून धरायला सांगितले. सिलिंडरच्या उघड्या तोंडातून तेलाची धार लागली. दोष सीलचा होता, युनिट शाबूत होते.

होज सोडण्यापूर्वी, इंजिन बंद असताना, स्टिअरिंग दोन्हीकडे थोडे हलवून दाब उतरवावा, हे मी आधीच सांगायला हवे होते. गळती बोटाने कधीही चाचपू नये. दाबाखालचे तेल त्वचेतून आत शिरते.

सील बदलल्यावर पुढची चाके जॅकवर उचलून, इंजिन मंद ठेवून, आत शिरलेली हवा निघून टाकीतील फेस जाईपर्यंत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवले. त्याच रात्री भरलेली ट्रॉली घेऊन कारखान्याकडे निघालो, तेव्हा फाट्यावरच्या वळणावर स्टिअरिंग जेथे धरले तेथेच थांबले.