यादी आणि शिडी

भाचीचा निरोप आला, "मामा, चांगल्या डॉक्युमेंटरी सुचव ना. पाचच. आणि कंटाळवाण्या नकोत." शेवटच्या वाक्यात तिचा आजवरचा सगळा अनुभव आला होता. माहितीपट म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे एक घोगरा आवाज, नकाशावर सरकणारा बाण आणि शेवटी ‘हे आपण सर्वांनी जपायला हवं’ असा उपदेश उभा राहतो. तिची काही चूक नाही. तसले माहितीपट मीही पुष्कळ पाहिलेत, काही तर झोपेत.

पाच नावं लिहायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मग वाटलं, प्रत्येकापुढे तो का पाहायचा ते एका ओळीत लिहावं. तिथे गाडी अडली. खरं कारण लिहायला गेलो की माहितीपट बाजूला राही आणि घरातलंच कुणीतरी त्या ओळीत येऊन बसे.

पहिलं नाव होतं ‘ग्लास’. बर्ट हान्स्ट्रा या डच दिग्दर्शकाचा १९५८ सालचा, जेमतेम दहा-अकरा मिनिटांचा. त्याला ऑस्करही मिळालं होतं. काच फुंकणारे कारागीर, ओठांत लांब नळी, फुगलेले गाल, नळी फिरवत ठेवणारी बोटं आणि सोबतीला जॅझ. त्यांच्या श्वासाच्या तालावर संगीत चाललंय की संगीताच्या तालावर श्वास, ते कळत नाही. मग एकदम कारखाना. यंत्राचा हात एकेक बाटली उचलून पुढे देतोय, आणि मधेच मान तुटलेली एक बाटली येते. हाताला ती धरता येत नाही. मागच्या बाटल्या येऊन आदळतात, फुटतात, आणि यंत्र आपलं काहीच घडलं नसल्यासारखं चालूच.

हा मी बाबांबरोबर पाहिला, ते थकले होते तेव्हा. बाबा म्हणजे फोटोतसुद्धा न हसणारा माणूस. चष्म्याच्या काचेवर ‘हाऽऽ’ करून ती सदऱ्याच्या टोकानं पुसायची, ही त्यांची दिवसातून दहा वेळांची क्रिया. कारागिराचे गाल फुगले तसे इकडे बाबांचेही गाल नकळत फुगले. मी पडदा सोडून त्यांच्याकडेच बघत राहिलो. आणि ती तुटकी बाटली आली तेव्हा ते हसले. चांगलं खोकला येईपर्यंत हसले. उभा जन्म यंत्रांपाशी गेलेला, म्हणाले, "तिथं एक माणूस उभा करायला नको?" मग म्हणाले, "परत लाव." तीनदा लावला. तिन्ही वेळा त्याच जागी हसले.

आता हे एका ओळीत कसं लिहायचं? ‘अवश्य पाहा, तुझे आजोबा हसले होते’? मी लिहिलं, ‘छोटा आहे, बघून टाक.’

दुसरा माहितीपट आन्येस वार्दाचा, ‘द ग्लीनर्स अँड आय’. साल २०००. पीक काढून झाल्यावर शेतात राहिलेलं वेचायचं, म्हणजे आपल्याकडे जुनी माणसं ज्याला सरवा वेचणं म्हणत, ते करणाऱ्या फ्रान्समधल्या लोकांचा हा माहितीपट. आकारात बसत नाहीत म्हणून शेताबाहेर ओतलेल्या बटाट्यांच्या ढिगात वार्दाला पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचे बटाटे सापडतात आणि ती ते घरी घेऊन येते. सत्तरी ओलांडलेली ही बाई हातात छोटा डिजिटल कॅमेरा घेऊन फिरते, आणि एका हाताने आपल्याच दुसऱ्या हाताचं, त्यावरच्या सुरकुत्यांचं चित्रण करते.

पण माझा जीव अडकलाय तो वेगळ्याच ठिकाणी. एकदा ती कॅमेरा बंद करायला विसरते. तो खाली लोंबकळत राहतो आणि भिंगाचं झाकण त्याच्यापुढे डुलत राहतं, मागे जमीन सरकतेय. दुसऱ्या कुणी तेवढा तुकडा कापून टाकला असता. हिनं तो ठेवला आणि वर संगीत लावलं. झाकणाचा नाच!

आमच्या घरात एक कॅसेट आहे. मी सात-आठ वर्षांचा असताना पाठ केलेली कविता बाबांनी रेकॉर्ड केली होती. कविता मी एका दमात, पाठीमागे कुत्रं लागल्यासारखी म्हटली आहे. ती ऐकण्यात काही अर्थ नाही. पण त्यानंतर बाबा बटण दाबायला विसरले. पुढे खुर्ची सरकल्याचा आवाज. नळ. आई लांबून काहीतरी विचारते, नुसता सूर कळतो, शब्द नाहीत. बाबा "हं" म्हणतात. मग गुणगुणतात, आणि तेही चक्क बेसूर. बाबा गुणगुणायचे हे आम्हा भावंडांपैकी कुणालाच आठवत नाही. आमच्या देखत कधी गुणगुणलेच नसावेत. मग खट्‌ आणि कॅसेट संपते. कवितेसाठी म्हणून जपलेली ती कॅसेट मी आता कविता संपते तिथूनच लावतो. पीक कधीच उचलून नेलं, सरवा तेवढा माझ्याकडे राहिला.

तिसऱ्यासाठी मी ‘सेव्हन अप’ लिहिलं आणि कंसात ‘सगळे भाग’. १९६४ साली ब्रिटिश टेलिव्हिजनसाठी सात-सात वर्षांच्या चौदा मुलांच्या मुलाखती घेतल्या, काही श्रीमंत घरची, काही गरिबाघरची. मोठेपणी ती कुठे पोचतात ते जन्मतःच ठरलेलं असतं का, हा मूळ प्रश्न. पहिल्या भागाच्या वेळी संशोधक म्हणून असलेल्या मायकेल अ‍ॅप्टेडनं पुढचे भाग दर सात वर्षांनी केले, थेट २०१९ मध्ये ती मुलं त्रेसष्टची होईपर्यंत. टोनीला घोड्यांच्या शर्यतीतला जॉकी व्हायचं होतं, तो लंडनमध्ये टॅक्सी चालवायला लागला आणि मजेत राहिला. नील सातव्या वर्षी उड्या मारत बोलणारा, अंतराळवीर व्हायचं म्हणणारा. अठ्ठाविसाव्या वर्षी तो स्कॉटलंडमध्ये बेघर भटकताना सापडतो. पुढे तोच स्थानिक राजकारणात निवडून येतो. कादंबरीकारानं असं लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, पटत नाही.

हे सगळे भाग पाहिल्यावर मी एका रात्री स्वतःचाच हिशेब मांडला. सात: शाई सांडलेली वही. चौदा: एक निळा शर्ट, बाकी काही नाही, आख्खं वर्ष म्हणजे एक शर्ट. एकवीस: नको. अठ्ठावीस: फार कामात होतो, एवढंच. दर सात वर्षांनी कुणी येऊन प्रश्न विचारले असते तर बरं झालं असतं असं वाटलं; आणि नाही विचारले तेच बरं, असंही. कारण अ‍ॅप्टेडकडे त्या माणसांच्या तक्रारी कमी नव्हत्या. काही जण मधेच सोडून गेले. सातव्या वर्षी बोललेलं वाक्य जन्मभर आपल्या तोंडावर फेकलं जाणं ही काही गंमत नाही.

चौथा ‘एत्र ए आव्वार’ हा फ्रेंच दिग्दर्शक निकोला फिलिबेरचा २००२ सालचा. डोंगराळ भागातली एका खोलीची शाळा, सगळ्या वयाची मुलं एकत्र, निवृत्तीला टेकलेले एक मास्तर. आवाज न चढवता शिकवणारे. तो पाहून मला माझे एक मास्तर आठवले, पण ते आवाज चढवत असत, त्यामुळे तुलना तिथेच संपते. माहितीपट तिकिटखिडकीवर भलताच चालला आणि मग त्या मास्तरांनी कमाईतला वाटा मागत कोर्टात धाव घेतली. दावा फेटाळला गेला. हे कळल्यावर मी तो पुन्हा पाहिला. मास्तर तितकेच गोड वाटले. मी मात्र आता त्यांच्यावर खिळलेल्या कॅमेऱ्याचाही विचार करत होतो.

पाचवा सगळ्यांचा आजोबा: रॉबर्ट फ्लाहर्टीचा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’, १९२२. मूकपट. बर्फाळ प्रदेशातल्या इनुइट कुटुंबाचं जगणं. फ्लाहर्टीनं आधी केलेलं चित्रण त्याच्याच सिगारेटनं पेटून खाक झालं, म्हणून तो परत गेला आणि नव्यानं चित्रण केलं. या माहितीपटात थापाही पुष्कळ आहेत. नानूकचं खरं नाव नानूक नव्हतंच. तिथल्या लोकांकडे तोवर बंदुका आल्या होत्या, तरी शिकार जुन्या पद्धतीनं भाल्यानं करायला लावली. इग्लूच्या, म्हणजे बर्फाच्या घराच्या, आत कॅमेऱ्याला पुरेसा उजेड मिळेना, म्हणून अर्धाच इग्लू बांधला आणि कुटुंब उघड्या थंडीत निजण्या-उठण्याचं नाटक करत राहिलं.

खोटं म्हणून कुणी याला नावं ठेवली की मी गप्प बसतो. कारण आमच्याकडे शिडीचं प्रकरण आहे. लहानपणी मी माळ्याच्या शिडीवरून पडलो. पायरी हातातून सुटली तो क्षण मला आठवतो, खाली पडल्यावर वर दिसलेला दिवा आठवतो, त्या दिव्याभोवतीचा पतंगसुद्धा. अडचण एकच, की ताईच्या मते शिडीवरून ती पडली होती. तिला दिवा आठवत नाही, पण तिच्या गुडघ्यावर व्रण आहे. तो सायकलवरून पडल्याचा आहे, असं माझं म्हणणं. यावर आमची तीस-पस्तीस वर्षं वादावादी चालू आहे. आई-बाबांना विचारायचं राहून गेलं. बहुधा दोघांपैकी एकाची आठवण अर्ध्या इग्लूतली आहे. ताईचीच असावी.

शेवटी पुढे लिहिलेलं सगळं खोडलं आणि नुसती पाच नावं पाठवली. आठ दिवस उत्तर नाही. मला वाटलं, कंटाळली. मग एका रात्री उशिरा तिचा निरोप आला. ‘सेव्हन अप’चे तीन भाग पाहून झाले होते. आवडला की नाही यावर अवाक्षर नाही. नुसता प्रश्न, "मामा, तू सात वर्षांचा असताना आई कशी होती?"

मी उठून दिवा लावला आणि लिहीत बसलो. ताई दोन वेण्या घालायची. माझी शाई सांडलेली वही तिनं स्वतःच्या दप्तरात लपवली आणि बोलणी खाल्ली. अंधाराला भ्यायची, पण मला सोबत म्हणून पुढे व्हायची. लिहिता लिहिता बरंच लांबलं. शेवटी शिडीचंही लिहिलं, दिव्या-पतंगासकट, आणि पाठवून दिलं.

पाच मिनिटांत फोन वाजला. भाची असेल म्हणून उचलला. ताई होती.

"पोरीला काय वाट्टेल ते सांगू नकोस," ती म्हणाली. "शिडीवरून मी पडले होते."