आईचा ब्लॉक आणि वाया गेलेला गुरुवार

द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या गडबडीत आईच्या स्तनात गाठ निघाली. तासगावात सोनोग्राफी, सांगलीत बायोप्सी, कॅन्सरचा रिपोर्ट, मग मिरज, सगळं दहा दिवसांत झालं. मिरजेचे सर्जन म्हणाले, मी एकटा ठरवणार नाही, गुरुवारी तीनला ट्यूमर बोर्ड असतं, किमोचे, रेडिएशनचे डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट सगळे बसून ठरवतील, बायोप्सीचा ब्लॉक तेवढा आणा.

ब्लॉक म्हणजे काय हेच मला माहीत नव्हतं, मी रिपोर्टची झेरॉक्स दिली. गुरुवारी सकाळी सिस्टरांचा फोन, कागद नको, मूळ तुकडा पाहिजे. अकराला सांगलीत बायोप्सीच्या लॅबमध्ये पोचलो. आधी म्हणे डॉक्टरांचं पत्र आणा. व्हॉट्सॲपवर मागवलं तर शिक्का नीट दिसत नाही. मग मॅडम दोनला येतील, त्यांची सही लागते. पावणेतीनला एकदाचा हातात आला, काडेपेटीपेक्षा लहान प्लास्टिकची चौकट, मेणात शेवईच्या तुकड्यांसारखे तीन धागे. एवढ्यासाठी चार तास! आणि बघतो तर नंबर रिपोर्टशी जुळेना, दुसऱ्याच कुणाचा दिलेला. तो बदलून घेईपर्यंत साडेतीन. मिरजेत पोचलो तेव्हा बोर्ड उठलं होतं. ब्लॉकमधून कापलेली स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय पॅथॉलॉजिस्ट बोलत नाहीत, म्हणून आईची केस पुढच्या गुरुवारी. आई बाकावर डबा मांडीवर घेऊन बसलेली, म्हणाली, "आलास बाळा? काय म्हणाले?" मला शब्दच फुटेना. तो आठवडा आठवला की अजून संताप होतो.

म्हणून सांगतो, बायोप्सी झाली की त्याच लॅबला विचारा ब्लॉक कधी, कुणाला आणि कोणत्या कागदावर देणार, आणि हातात घेताना नंबर ताडून बघा.

त्या आठवड्यात ब्लॉकवरून हर-टू पॉझिटिव्ह निघालं, म्हणजे गाठीच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त होतं. मिरजेच्या आधीच्या डॉक्टरांनी थेट ऑपरेशनची तारीख दिली होती, बोर्डानं सांगितलं आधी किमो आणि हर-टूचं इंजेक्शन, गाठ लहान करून मग ऑपरेशन. रेडिओलॉजिस्ट म्हणाले, गाठ विरघळली तर जागा सापडणार नाही, आधी आत बारीक क्लिप टाका. हे एकट्या डॉक्टरला सुचलंच असतं असं मला वाटत नाही. त्या इंजेक्शनचा हृदयावर परिणाम होऊ शकतो म्हणून टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लागतो, तो आधीच करून ठेवा, आमचे त्यातही दोन दिवस गेले. आईच्या शुगरच्या गोळ्यांची यादीही विचारली, ती कागदावर लिहून न्या.

तिसरा किमो झाला, गाठ हाताला लहान लागते. आणि हो, काम झालं की ब्लॉक परत मागा, दुसरं ओपिनियन घ्यायचं झालं तर तोच लागतो. आमचा देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात ठेवलाय. उन्हात ठेवू नका, मेण वितळू शकतं.