“सोबत कोण आहे?” “कोणी नाही!”

ट्रेकला जातेय असं फोनवर सांगितलं की आईचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “सोबत कोण आहे?” हवामान, अंतर, खाणंपिणं सगळं त्यानंतर. “कोणी नाही” हे उत्तर तिच्या अजून गळी उतरलेलं नाही आणि त्यात नवल नाही. आपल्याकडे ट्रेक म्हणजे घोळका. रात्रीची बस, पायथ्याच्या गावात कोणाच्या तरी ओसरीवर चहा-पोहे, पुढे लीडर, मागे शेपूट सांभाळणारा, मध्ये गप्पांचा फड. राजगड, हरिश्चंद्रगड मी असेच केले आणि मजाच केली. फक्त कधी निघायचं, कुठे थांबायचं, किती वेळ बसायचं यातलं काहीच मी ठरवलेलं नसायचं.

स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला आल्यावर सुरुवातीला इथेही ग्रुपच शोधत होते. तारखा जुळेनात, म्हणून एकटी निघाले. आता ग्रुपचं बोलावणं आलं तर विचार करावा लागतो.

हे इथे जमतं त्याचं बरंचसं श्रेय एका कायद्याला आहे. २००३ साली स्कॉटिश संसदेने जमीन सुधारणा कायदा केला. उभी पिकं, घरांची आवारं वगैरे सोडली तर बहुतेक सगळ्या जमिनीवर, मालक कोणीही असो, जबाबदारीने चालण्याचा आणि तंबू टाकून राहण्याचा हक्क त्याने सगळ्यांना दिला. तंबू लहान हवा, माणसं थोडी हवीत, एका जागी दोन-तीन रात्रींपेक्षा जास्त मुक्काम नको आणि निघताना तुम्ही तिथे होता याची खूण राहता कामा नये. शौचाला पाण्यापासून किमान तीस मीटर लांब जायचं आणि खड्डा खणून पुरायचं; त्यासाठी छोटं खुरपं सॅकला लटकवलेलं असतं. लॉख लोमंडच्या (लॉख म्हणजे सरोवर) काही किनाऱ्यांवर मार्च ते सप्टेंबर परवाना लागतो, तेवढा अपवाद. शेजारच्या इंग्लंडमध्ये मात्र असा सरसकट हक्क नाही. तिथे डार्टमूर नावाच्या माळावर मुक्काम करता येतो, पण त्यावरूनही वाद झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०२५ मध्ये निकाल तंबूवाल्यांच्या बाजूने लागला.

एकट्या बाईला या हक्काचं मोल जरा जास्तच कळतं. कोणाच्या परवानगीसाठी दार ठोठवायचं नाही, “कुठून आलात, बरोबर कोण नाही का” याची उत्तरं द्यायची नाहीत.

माझी सगळ्यात लाडकी वाट कोराउर स्टेशन ते फोर्ट विल्यम हे गाव. ग्लासगोहून निघालेली गाडी रॅनॉख मूर ओलांडते. हा पसरलेला दलदलीचा माळ; १८९४ साली सुरू झालेला हा रेल्वेमार्ग इथे झाडांची मुळं, फांद्या, माती आणि राखेच्या थरांवर अक्षरशः तरंगता ठेवलाय. कोराउर हे ब्रिटनच्या मुख्य रेल्वेमार्गांवरचं सर्वांत उंच स्टेशन. उंची ४०८ मीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने खंडाळ्याहूनही खालीच! पण स्टेशनपर्यंत सार्वजनिक रस्ताच नाही. गाडी निघून गेली की उरता तुम्ही आणि माळ.

तिथून लॉख ट्रीगच्या काठाने उतरायचं आणि नदी धरून पश्चिमेकडे वळायचं. वाटेत स्टोइनेग नावाची बॉथी लागते. बॉथी म्हणजे डोंगरातलं जुनं दगडी घर, कायम उघडं. वीज नाही, नळ नाही, बुकिंग नाही, भाडंही नाही. १९६५ मध्ये स्थापन झालेली माउंटन बॉथीज असोसिएशन ही संस्था स्वयंसेवकांच्या जोरावर अशी शंभरेक घरं सांभाळते. पाऊस झोडपत असेल तर मी आत झोपते, नाहीतर नदीकाठी तंबू.

मे महिन्यात इथे सूर्य साडेनऊच्या सुमाराला मावळतो आणि नंतरही बराच वेळ उजेड रेंगाळतो. घाई नसते. आधी जमिनीवर नुसतं आडवं होऊन पाहायचं, पाठीला दगड लागतोय का, डोकं उताराकडे जातंय का. मग वाऱ्याकडे पाठ करून तंबू ठोकायचा. ओढ्याचं पाणी उकळून चहा, आदल्या दिवशी केलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. वारा पडला की मिज नावाच्या चिलटांचे ढग येतात, विशेषतः जूनपासून पुढे. म्हणून मला मे आवडतो आणि थोडा वारा तर फारच आवडतो.

भीती? वाटते की. पण इथे बिबट्या नाही, अस्वल नाही, लांडगाही नाही. विषारी सापाची जात एकच. खरी काळजी गोचिडीची, कारण तिच्यामुळे लाइम आजार होऊ शकतो. झोपण्यापूर्वी गुडघ्यामागे, कमरेशी नीट तपासायचं. बाकी भीती सगळी आवाजांची. एकदा अंधारात तंबूच्या वर, हवेत, शेळी थरथरत ओरडल्यासारखा आवाज आला. दोनदा, तीनदा. अंगावर काटा! तो नर पाणलावा होता. विणीच्या दिवसांत हा पक्षी उंचावरून सूर मारतो आणि शेपटीची कडेची पिसं वाऱ्याने थरथरून हा आवाज निघतो. पाणलावे हिवाळ्यात आपल्या पाणथळींवरही येतात, पण गप्प बसून चिखल उपसणारे. हा तमाशा विणीच्या मुलखातला.

दुसरा दिवस चिखलाचा. बूट ओले होणार हे सकाळीच मान्य केलं की बरं. पाऊस जास्त झाला असेल तर इथले ओढे-नद्या ओलांडणं जिवावर बेतू शकतं, म्हणून आदल्या आठवड्याचा पाऊस बघूनच मी निघते. पुढे ग्लेन नेव्हिसच्या खोऱ्यात १२० मीटरचा स्टील धबधबा आणि त्याच्याजवळ तीन तारांचा पूल, एक पायाला, दोन हातांना. माझी वाट त्यावरून जात नाही. तरी सॅक खाली ठेवून मी उगाचच पलीकडे गेले, परत आले, पुन्हा गेले. लीडर असता तर घड्याळ दाखवलं असतं.

कोणाला जायचं असेल तर मोबाइलवर विसंबू नका, बहुतेक वाटेवर रेंज नसते. कागदी नकाशा आणि होकायंत्र वापरता आलंच पाहिजे. मार्ग आणि परतायची वेळ कोणाकडे तरी लिहून ठेवा. माझी एक सहकारी ते काम करते. अडचण आली तर ९९९ या तातडीच्या क्रमांकाला फोन करून पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरातलं बचाव पथक मागायचं. आवाज पोचत नसेल तर एसएमएसही चालतो, पण त्याची नोंदणी आधी करून ठेवावी लागते. ही बचाव पथकं स्वयंसेवकांची असतात आणि पैसे घेत नाहीत.

पुढचा बेत नॉयडार्ट या द्वीपकल्पाचा. तिथलं इन्व्हेरी गाव मुख्य भूमीवर असूनही बाकीच्या देशाशी रस्त्याने जोडलेलं नाही. मॅलेग बंदरातून बोटीने जा, नाहीतर डोंगरातून चालत. मी चालत जाणार, येताना बोट. गावात एक पब आहे, २०२२ मध्ये गावकऱ्यांनीच विकत घेतलेला. तिथे टेबल आधी सांगून ठेवावं लागतं का, तेवढं विचारायचं राहिलंय.